अकरा नंबरची चिठ्ठी

पाऊस थांबून पंधरा-वीस दिवस झाले की पुण्याच्या उन्हाला वाळत्या गवताचा वास येतो. सई, निषाद, तुम्हा दोघांना तो माहीत नसणार. पावसात कमरेइतकं वाढलेलं गवत देठापासून पिवळं पडत जातं, त्याला कुसळं धरतात, आणि दुपारचा वारा सुटला की कुणीतरी शेजारीच गंजी उसकटतंय असं वाटतं. एके काळी हा वास शहराच्या कडेने यायचा. आता शहराची कड कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईपर्यंत गवत पोहोचायचं काही कारणही नाही. तरी आश्विनात एखाद्या दुपारी गॅलरीतल्या साड्या काढताना तो येतो, आणि मी प्रत्येक साडीचा काठ उलटून बघते, कुसळ अडकलंय का म्हणून. कित्येक वर्षांत एकही सापडलेलं नाही.

यंदा वासाच्या आधी सईचा फोटो आला. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली सई, शेजारी बिस्किट नावाचा तपकिरी पोनी, आणि सईच्या हातात एक जाडसर पांढरी पिचकारी. खाली इंग्रजीत मजकूर होता: आजी, आज आम्ही बिस्किटला जंताचं औषध दिलं, आधी त्याची लीद मायक्रोस्कोपखाली तपासली, बाबा म्हणतो तू हेच काम करायचीस, खरं? त्याखाली निषादने नाक दाबलेला एक चेहरा चिकटवला होता. मी उत्तर म्हणून अंगठा पाठवला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एक अंगठा. मला पत्रं लिहिण्याची सवय आहे, तारीख उजवीकडे आणि समास डावीकडे. अंगठा पाठवून गप्प बसणं हे माझ्या स्वभावात नाही. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

बाबा म्हणतो ते खरं आहे. मी एका औषध कंपनीच्या जनावरांच्या विभागात बावीस वर्षं नोकरी केली. माझं काम मोजण्याचं होतं. चमचाभर लीद तोलून घ्यायची, मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, चहाच्या गाळणीने गाळायची आणि रेघा आखलेल्या काचेच्या खणात भरायची. जंतांची अंडी हलकी, ती मिठाच्या पाण्यात वर तरंगतात. मग एका बाजूने सुरुवात करून एकेक रेघ ओलांडत मोजत जायचं. लोकांना किळस वाटायची. माझ्या सासूबाई मी घरी आले की आधी न्हाणीघराकडे बोट दाखवायच्या. मला मात्र त्या काचेखाली फार शांत वाटायचं. काही अंडी लांबट, पातळ सालीची, आत द्राक्षाच्या घडासारखे दाणे असलेली. काही गोल, तपकिरी, खरबरीत, जणू कुणी चिकू फार म्हणजे फार लहान करून ठेवलेत. ते गोल चिकू लहान शिंगरांच्या पोटात जास्त सापडतात. शिंगरू म्हणजे घोडीचं पिल्लू. आणि तुम्ही ज्याला पोनी म्हणता ते आमचं तट्टू.

नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. पेठेत दर दुसऱ्या इमारतीवर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती आणि तुमचा बाबा त्यातल्याच एका क्लासला सायकलवरून जात होता. सिंहगड रस्त्यावर सहा आसनी रिक्षा धूर सोडत धावायला लागल्या होत्या, आणि टांग्यांच्या अड्ड्यावर घोडी उभ्याउभ्या झोपा काढत होती. परदेशातून येणाऱ्या गोष्टींची दारं उघडली होती: टीव्हीवरचे चॅनेल, दाढीचे साबण, आणि आमच्या विभागात एक जंताचं औषध. पांढरी पेस्ट, पिचकारीत भरलेली, घोड्याच्या जिभेच्या मागे सोडायची. तिकडे ते उत्तम चालत होतं. इथल्या तट्टांवर, इथल्या जंतांवर चालतं का, एवढंच आम्हाला दाखवायचं होतं. पावसाळ्यानंतर जंतांचा जोर असतो, म्हणून आश्विन.

वीस तट्टं हवी होती. त्यातल्या निम्म्यांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना तसल्याच पिचकारीतून तशीच दिसणारी साधी पेस्ट, जिच्यात औषध नाही. चौदा दिवसांनी दोन्हींची अंडी मोजायची. कोणाला काय मिळालं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं. मुंबईच्या कचेरीने नंबर घातलेल्या पिचकाऱ्या पाठवल्या होत्या आणि सोबत लाखेचं सील लावलेलं एक पाकीट. पाकिटात यादी. वर टाइप केलेलं: फक्त आणीबाणीत उघडावे. मी ते पाकीट माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्या पाकिटाचा अभिमान वाटायचा. इतक्या लोकांतून ते माझ्याकडे दिलं होतं.

धायरी तेव्हा गाव होतं. गावाबाहेर एक मोठा रिकामा गोठा आम्ही भाड्याने घेतला. बसमधून उतरून अर्धा मैल पायवाट, दोन्ही बाजूंना ते गवत. रोज संध्याकाळी घरी आल्यावर साडीच्या काठातून कुसळं उपटत बसायचं. गोठ्यावर माझ्याबरोबर डॉक्टर वासनिक होते, आमचे जनावरांचे डॉक्टर. तिशीचे, नागपूरकडचे, छप्पन साली त्यांच्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतलेली. "घराण्यातला पहिला डॉक्टर मीच," ते सांगायचे, "पेशंट तेवढे बोलत नाहीत." घोड्याच्या अंगावर हात ठेवला की ते घोड्याकडे न बघता दूर कुठेतरी बघत, ऐकल्यासारखे.

आणि कोंडिबा. कोंडिबा धायरीचेच टांगेवाले, माझ्याच वयाचे, डोक्याला मळकी टोपी. सहा आसनी रिक्षांनी त्यांचा टांगा बसवला होता. पण त्यांची हिरा नावाची पांढरीशुभ्र घोडी होती, आणि त्यांनी ठरवलं होतं की टांगा विकायचा आणि लग्नाच्या वरातींना घोडी द्यायची. नवे लोक, नव्या नोकऱ्या, वराती वाढणार, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. एका घोडीवर धंदा होत नाही म्हणून त्यांची सगळी भिस्त हिराच्या शिंगरावर होती. त्याचं नाव चांदणी. चांदणी तेव्हा राखेच्या रंगाची होती, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. मी म्हटलं, "ही पांढरी कुठे आहे?" कोंडिबा हसले. "आई बी आशीच काळपाट हुती, म्याडम. ह्यांची जातच तशी. दर वरसाला थोडी थोडी उजळती. चार वरसांनी बगा, दुधावानी." चांदणी आईच्या मागे चालायची आणि मधेच थांबून माझ्या साडीच्या काठातली कुसळं ओठांनी ओढायची. ओठ मऊ होते, भिजवलेल्या साबराच्या कातड्यासारखे.

चांदणी प्रयोगात नव्हतीच. ती नुसती आईबरोबर आली होती. पण पहिल्या दिवशी एका मालकाने ऐन वेळी आपलं तट्टू आणलंच नाही आणि माझ्या रजिस्टरमध्ये वीस ओळी आखलेल्या, एकोणीसच भरलेल्या. माझ्या कपाटातल्या चादरी तुम्ही पाहिल्या आहेत. त्या रिकाम्या ओळीकडे मला बघवेना. नियमात स्पष्ट होतं, जनावर एक वर्षाच्या वरचं हवं. कोंडिबा म्हणाले, "दिवाळीला वरीस व्हईल की. फॉरेनचं औशिद हाय म्हंत्यात, पोरीला बी मिळू द्या." मी "वय: एक वर्ष" असं लिहिलं. सुबक अक्षरात.

औषध देण्याआधी मालकांकडून कागदावर सह्या घ्यायच्या होत्या. दोन पानांचा इंग्रजी कागद. माझं शिक्षण नन्सच्या शाळेत झालेलं, म्हणून भाषांतराचं काम साहजिकच माझ्याकडे. मी गोठ्यातल्या एका खाटेवर बसून एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेले: चौदा दिवस जनावर इथे राहील, चारा-पाणी आमचं, डॉक्टर रोज तपासतील, काही झालं तर उपचार आम्ही करू. एक वाक्य मात्र मी गाळलं. निम्म्या जनावरांना औषध मिळणार नाही, हे वाक्य. मला कुणी गाळायला सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, हे सांगितलं तर कोण थांबेल? आणि मी पुढच्या वाक्यावर गेले. तुम्ही लहान असताना सुट्टीत इथे आलात की शुद्धलेखन घालताना मी तुम्हाला किती रागवायची, आठवतं? वाक्य गाळलंस, परत लिही.

सह्या झाल्या, अंगठे झाले. मग नंबर. कंपनीवाल्यांनी याला चांगलं दिलं न् त्याला वाईट, असं कुणी म्हणायला नको म्हणून मी घरून शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा नेला होता, त्यात वीस चिठ्ठ्या. ज्याने त्याने आपल्या हाताने काढायची. डबा बघताच सगळे खुलले. "आरं, ही तर भिशीच की!" एक जण ओरडला. दर महिन्याला गावात भिशीची चिठ्ठी निघायची, त्यामुळे डब्यात हात घालण्याचा रिवाज सगळ्यांना पाठ. टोपी काढायची, हात कपाळाला लावायचा, मग घालायचा. कोंडिबांनी हिरासाठी चार नंबर काढला. चांदणीसाठी हात घालताना त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ चिठ्ठ्या चाळवल्या.

"लगीन लावतुयास का चिठ्ठीशी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पोरीचं हाय बाबा. बगून काडाय पायजे."

अकरा निघाला. त्यांनी चिठ्ठी मला दाखवली. "म्याडम, चांगला नंबर हाय न्हवं?"

"सगळे नंबर सारखेच, कोंडिबा," मी म्हणाले.

या वाक्यावर मी इतकी वर्षं विचार केला आहे. त्या क्षणी ते एका अर्थी खरंही होतं. कोणता नंबर चांगला ते मलाही माहीत नव्हतं, यादी पाकिटात होती. पण चांगले दहा आणि साधे दहा आहेत, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. त्यांनी अगदी नेमका प्रश्न विचारला होता.

घटस्थापनेच्या दिवशी पिचकाऱ्या दिल्या. सातव्या दिवशी मी अंडी मोजली. निम्मे खण रिकामे झाले होते, रेघांमध्ये नुसतं स्वच्छ पाणी आणि एखादा बुडबुडा. औषध चालत होतं. मला इतका आनंद झाला की घरी जाताना अर्धा किलो पेढे नेले. मोजता मोजता अकरा नंबरची काच आली होती. त्यात ते तपकिरी चिकू पहिल्या दिवसापेक्षा जास्त होते, एकमेकांना चिकटून, रेघ दिसेना इतके. आकडा मी रजिस्टरमध्ये मांडला, शाई टिपली, आणि बारा नंबरची काच उचलली. पाकीट उघडायची काहीच गरज नव्हती. मला कळलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टर वासनिक गोठ्याच्या दारातच उभे होते.

"मॅडम, अकरा नंबर बरी नाही दिसून राहिली."

चांदणी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पोट घागरीसारखं, केस उभे राहिलेले, चारा तसाच. मधून मधून ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, तिथून कुणी हाक मारल्यासारखी.

"पाकीट उघडा ना," डॉक्टर म्हणाले. "तिला साधी पेस्ट गेली असेल तर मी आजपासून थोडा थोडा डोस सुरू करतो."

"सहाच दिवस राहिलेत, डॉक्टर."

"ते तिला कोण सांगणार?"

"पाकीट उघडलं की ती बाद. एकोणीस राहिले तर मुंबईवाले प्रयोगच धरणार नाहीत. सगळं पुन्हा करावं लागेल, पुढच्या आश्विनात."

"मग आणीबाणी म्हणजे काय, असं वाटते तुमच्या पाकिटाला?"

"ती मरायला टेकली तर."

"तवा उघडायला वेळ राहते का, मॅडम?"

मी रजिस्टर उघडलं. त्यांनी तिला दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तेल पाजलं. एवढं नियमात बसत होतं. दुपारी कोंडिबा आले, तिच्या कानामागे खाजवत बसले. "औशिद लागू पडतंय म्हणून पोट ढवाळतंय, न्हवं का म्याडम?" त्यांनी विचारलं. मी रजिस्टर चाळत होते. डॉक्टर वासनिक माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "बघू दोन दिवस."

दहावा दिवस म्हणजे दसरा. टांगेवाले दसऱ्याला घोड्याची पूजा करतात. मी घरची पूजा आवरून, हातात सोन्याची पानं घेऊन धायरीच्या बसमध्ये बसले होते, कारण नमुने सणाच्या दिवशीही घ्यावे लागतात. गोठ्याबाहेर झेंडूच्या माळांचा ढीग होता. आतून घोडी खिंकाळत होती, एकच, थांबून थांबून. चांदणी पहाटेच गेली होती. हिरा तिच्यापाशी मान खाली घालून उभी होती आणि कोंडिबा दोन माळा हातात घेऊन, एक मोठी आणि एक लहान. मग त्यांनी दोन्ही हिराच्या गळ्यात घातल्या.

डॉक्टरांनी मागच्या शेतात चांदणीला तपासायला उघडलं. मला बोलावलं. तिचं आतडं जंतांनी ठासून भरलेलं होतं, पांढरे, पेन्सिलीएवढे जाड, एकमेकांत गुंतलेले. डॉक्टर हात धुताना म्हणाले, "औषध दिलं असतं तरी सांगता येत नाही. एवढे एकदम मेले असते तर त्यांनीच आतडं तुंबलं असतं." ते दयाळू माणूस होते. मी ते वाक्य घट्ट धरलं. अनेक वर्षं धरून होते. सांगता येत नाही, हे खरंच आहे. पण त्यांनी थोडा थोडा डोस म्हटलं होतं, आणि ते त्यांनी आठव्या दिवशी म्हटलं होतं, हे मला तेव्हाही आठवत होतं.

कोंडिबांनी चांदणीच्या गळ्यातली नंबराची पत्र्याची चकती सोडली, टोपीने पुसली आणि माझ्या हातात आणून दिली. रागावले नाहीत. ते रागावले असते, चार माणसं घेऊन आमच्या गेटवर आले असते, तर मी कदाचित बोलले असते. ते म्हणाले, "म्याच काडला की अकरा. येवढं चाळवून चाळवून."

"तसं काही नसतं, कोंडिबा."

"आसतंय म्याडम. माजा हातच गुणाचा न्हाई."

माझ्या हातात ती चकती होती आणि दुसऱ्या हातात आपट्याची पानं. बोलायला एवढंच होतं: नंबर खराब होता, पण तो तुमच्या हाताने खराब झाला नाही, अर्धे नंबर खराबच होते, मी ते तुम्हाला सांगितलं नाही, आणि सातव्या दिवशीच मला कळलं होतं. मराठीतली तीन-चार वाक्यं. तेवढ्यात बाकीचे मालक आले आणि मी नमुन्याच्या डब्या मोजायला लागले.

चौदाव्या दिवशी पाकीट उघडलं. अकरा: साधी. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्याच दिवशी साध्या गटातल्या उरलेल्या नऊ तट्टांना औषध द्यायचं होतं. नियमात तेही होतं. चार दिवसांनी चांदणीला ते नियमाप्रमाणेच मिळालं असतं. रजिस्टरमध्ये मी अकराव्या ओळीवर फूटपट्टी ठेवून तांबडी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, मृत्यूचा औषधाशी संबंध नाही. अगदी खरं वाक्य. ज्याला औषध दिलंच नव्हतं त्याच्या मृत्यूचा औषधाशी कसला संबंध? आणि मुंबईवाल्यांनी एकोणीस आकडे काहीही न विचारता धरले. पुन्हा काही करावं लागलं नाही. ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तक्ते तुमच्या बाबाने टाइप केले, क्लासमध्ये शिकलेलं वापरून बघायचं म्हणून. जेवणाच्या टेबलावर त्याने छापील कागद माझ्यापुढे ठेवला. "आई, दहानंतर एकदम बारा. अकरा कुठे गेला?"

"गळाला."

"घोडा कसा गळतो? चाळणीत घातला होता का?"

पुणेरी मुलगा. मी त्याला ताटातली पोळी संपवायला सांगितली.

औषध बाजारात आलं आणि चांगलं निघालं. असंख्य जनावरांच्या पोटातले जंत त्याने मारले, आणि त्यात माझ्या मोजण्याचा वाटा आहे. हे मी नम्रता सोडून सांगते, कारण तेही खरं आहे. डॉक्टर वासनिक वर्षभरात सरकारी नोकरीत निघून गेले. जाताना त्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि त्या प्रसंगाचं नाव काढलं नाही. मी निवृत्त झाले, तुमचा बाबा तिकडे गेला, तुम्ही जन्मलात. मी दोनदा येऊन राहिले, दोघांचीही उष्टावणं माझ्या हातून झाली, चांदीच्या वाटीतली खीर, तुम्ही दोघांनीही ती माझ्या अंगावर उडवली. कोंडिबांची आठवण दर आश्विनात यायची. धायरी इथून दहा-बारा किलोमीटर. मी तुमच्याकडे दोनदा समुद्र ओलांडून आले आणि धायरीला एकदाही गेले नाही.

सईच्या फोटोनंतर चौथ्या दिवशी गेले. फोनवरून रिक्षा मागवली. पायवाट नव्हती, गोठा नव्हता, गवत तर नव्हतंच. इमारतींना इमारती चिकटलेल्या. एका हारवाल्याला विचारलं, कोंडिबा टांगेवाले? त्याने न बघता वर बोट केलं. "चौथा मजला. लिफ्ट चालू आहे आज, नशीब तुमचं."

त्यांच्या सुनेने, मंगलने, दार उघडलं. कोंडिबा खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. टोपी तीच वाटली. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "घोड्याच्या म्याडम." आम्ही दोघं हसलो. गुडघ्यांबद्दल बोललो. हिरा पुढे आठ-नऊ वर्षं वराती करून म्हातारी होऊन गेली. दुसरी घोडी त्यांनी घेतली नाही. मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर झाला, कॉम्प्युटरवाल्यांना ने-आण करतो.

मी म्हणाले, "मी चांदणीबद्दल बोलायला आले."

मंगल चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. "त्या शिंगराची गोष्ट माहितीय आम्हाला," ती म्हणाली. "म्हणून तर आबा चिठ्ठीला हात लावत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर महिन्याला भिशीची चिठ्ठी मीच काढायचे. बिल्डरनं फ्लॅटसाठी चिठ्ठ्या टाकल्या तवा तर यांनी शेजारच्यांना पाठवलं. हा चौथा मजला दुसऱ्याच्या हातचा आहे बघा." ती हसत सांगत होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गंमत सांगावी तसं. "माझ्या पोराचं उष्टावण होतं, सगळे म्हणाले आजोबांनी पहिला घास द्यायचा. उठून बाहेर गेले. म्हणे माझा हात नको."

मग मी सांगितलं. ती तीन-चार वाक्यं, ज्या क्रमाने तेव्हा सांगायला हवी होती त्याच क्रमाने. गाळलेलं वाक्य, निम्मे साधे नंबर, सातव्या दिवशीची काच, पाकीट. मंगलने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती उभीच राहिली. खाली कुठेतरी सोसायटीची पाण्याची मोटर चालू होती.

"म्हंजे नंबर खराबच हुता," कोंडिबा म्हणाले.

"हो."

"आन तुमाला ठावं हुतं."

"चांदणी गेली त्याच्या आधी. तीन दिवस आधी."

मांडीवर पालथा ठेवलेला उजवा हात त्यांनी उलटा केला आणि तळव्याकडे बघत राहिले. हात म्हाताऱ्या माणसाचा होता, लगाम धरून धरून तर्जनीपाशी चामडं जाड झालेलं. मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवं होतं.

"भिशीबी बंद झाली आता," ते म्हणाले. "नातू कालिजात जातोय."

हात त्यांनी पुन्हा पालथा ठेवला. मग जरा वेळाने पुढे केला, कप बशीसकट माझ्याकडे सरकवला. थोडा चहा बशीत सांडला.

"घ्या म्याडम. निवतोय."